माझ्या वाट्याचा परवाना

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. म्हणजे इतर संगणकांची कामं करणारा मोठा संगणक. नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरात, फुलांचे कंद देशोदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत, खिडकी नसलेल्या गार खोलीत माझा सगळा जन्म गेला. मग मराठी कुठून येतं म्हणता? नीरजाची कृपा! ती पुण्याची इंजिनिअर. एकटी काम करताना मराठीत पुटपुटायची आणि मला 'आजोबा' म्हणायची. माझे कान टवकारलेलेच असायचे.

मी नवाकोरा होतो तेव्हा आमचा साहेब रूलोफ पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणायचा. माझं काम तसं साधं. ऑफिस सुटलं की बाकीच्या संगणकांतला नवा मजकूर मागून घ्यायचा आणि टेपांवर त्याची प्रत करून ठेवायची. कोणाचा संगणक बिघडला, तर प्रत हजर. पण या कामाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी परवाने मोजकेच दिले होते, एका संगणकाला एक. कोणता परवाना कोणाकडे आहे आणि तो वापरतंय कोण, याचा हिशोब माझ्याकडे. त्यामुळे सगळ्यांच्या कारभारात नाक खुपसायची मला आयतीच सोय झाली. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

दोन हजार सहा साली शीतगृहात नवा संगणक आला. कंदांची थंडी तोच सांभाळणार होता. त्याला परवाना हवा आणि माझ्याकडे एकही शिल्लक नाही! नवे परवाने पुढच्या वर्षीच मिळणार होते. रूलोफने नीरजाला सांगितलं, जो वापरत नसेल त्याचा काढून घे.

आता माझ्या हिशोबात एक संगणक कित्येक आठवडे गप्प होता. मी रोज विचारायचो, काही नवं? तो म्हणायचा, काही नाही. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, तसंच झालं. नीरजाची नजर नेमकी त्याच्यावर गेली. तिला काय माहीत! त्याच्या जुन्या टेपांवर ट्युलिपच्या नव्या जातींची कितीतरी हंगामांची निरीक्षणं होती. परवाना काढला की टेपा पुसून दुसऱ्याला द्यायच्या, असा आमच्याकडे नियम. मला ओरडून सांगायचं होतं, पण माणसांशी आम्हाला त्यांनी विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

तेवढ्यात कोणीतरी नीरजाच्या हातात एक बशी ठेवून गेलं. लोणी लावलेला कुरकुरीत टोस्ट आणि वर गुलाबी साखरेत घोळलेली बडीशेप. दुसरी कोणी खाऊन मोकळी झाली असती. पण ही बाई माझ्याइतकीच चौकस. कसलं म्हणून विचारायला गेली आणि परत येऊन मला म्हणाली, "आजोबा, इथे मूल झालं की हे वाटतात. मुलगी झाली की गुलाबी. आपल्याकडची बर्फीच की ही!"

मुलगी झाली होती मारीकेला. नव्या जातींवर काम करायची ती हीच. इतके दिवस बाळंतपणाच्या रजेवर होती आणि आज बाळाला दाखवायला आली होती. तो गप्प संगणक तिचाच. बाळाला खांद्यावर घेऊन ती आमच्या दारापर्यंत आली.

"हंगाम सुरू झाला की मी येतेच," ती म्हणाली. "माझं सगळं काम त्याच्यात आहे. तुझ्याकडे प्रत आहे ना, नीरजा?"

नीरजा गोरीमोरी झाली. "आहे," एवढंच म्हणाली.

पण मग परवाना काढायचा कोणाचा? ती माझ्यासमोर बसून एकेक नाव तपासत गेली. सगळे कामात होते. शेवटी ती माझ्याच नावापाशी थांबली. माझ्याही मजकुराची प्रत व्हायची आणि त्या प्रतीलाही परवाना लागायचा.

"आजोबा, तुमचा देऊ का?" तिने हळूच विचारलं. वाईट वाटत होतं बिचारीला. तिने विचारलं, याचाच मला फार आनंद झाला.

माझा परवाना गेला, माझ्या टेपा पुसल्या गेल्या आणि शीतगृहाचं काम झालं. मारीके परत आली. पुढच्या वर्षी नव्या परवान्यांबरोबर नवा सर्व्हरच आला, नीरजा दुसऱ्या नोकरीवर गेली आणि मी अडगळीत पडलो. धूळ पुसायलाही कोणी फिरकत नाही.

मित्रांनो, गप्प असलेला रिकामाच असतो असं नाही. कोणालाही पुसून टाकण्याआधी एकदा त्याची चौकशी करा. मला मोडीत न्यायला उद्या माणसं यायची आहेत आणि माझी प्रत कुठल्याच टेपेवर नाही. म्हणून तर हे सगळं तुमच्याजवळ बोललो. जरा जपून ठेवाल ना?