कोपऱ्यातला गाळ

बद्रीनाथ औरंगाबादेत कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवायचा. पंचेचाळिशी उलटल्यावर त्यानं पीएच.डी.ला नाव घातलं आणि विषय घेतला तो असा, की स्टाफरूममधली माणसं चहा पिता पिता हसायची. दुष्काळात पाण्याच्या तळाचे जीव काय करतात! हा नाद त्याला कोकणात लागला होता. एका खाडीवर तो महिनाभर राहिला होता. पाऊस कमी पडला, वरून नदीचं गोडं पाणी येईनासं झालं, की समुद्राचं खारं पाणी आत आत चढत येतं. मग चिखलातले शिंपले आणि किडे खोल जातात, जागा बदलतात, नाहीतर मरतात. परत येताना त्याच्या मनात आलं, आपल्याकडं तर पाणीच उरत नाही. आपल्या तळाचं काय होत असेल?

त्याचं गाव पिशोरकडचं. गावच्या तलावात ओढा जिथं शिरायचा, त्या कोपऱ्यात गाळ सगळ्यात जाड होता. तिथं त्यानं खुंट्या ठोकून दोन गुंठ्यांत बारा चौकोन आखले. मदतीला होता भिकनमामा. त्याची मेंढरं जन्मभर त्याच काठावर चरलेली. दोन वर्षं दोघं दर महिन्याला पाण्यात उतरायचे, पाटीनं गाळ काढायचे, चाळायचे, एकेक जीव मोजायचे.

२०१२ साली पावसानं दगा दिला. पुढच्या फेब्रुवारीत तलावाचा तळ उघडा पडला. वर नुसते पांढरे शिंपले, पाय पडला की कडकन फुटणारे.

"सगळं मेलं," बद्रीनाथ म्हणाला.

भिकनमामानं कुदळ उचलली. "वरचं मेलं सर. खाली बघू की."

वीतभर खाली ओल होती आणि त्या ओलीत गोगलगायी दडून बसल्या होत्या, तोंडावर झाकण घट्ट लावून. पाच-सात गोगलगायी बादलीत पाण्यात सोडल्या. दुपार कलली तेव्हा एकीनं झाकण उघडलं आणि शिंगं बाहेर काढली. भिकनमामा लहान पोरागत हसला. "मेलं नाय, निजलंय!"

बद्रीनाथचा ऊर भरून आला. आता पाऊस पडेपर्यंत थांबायचं आणि कोण कोण उठतं ते मोजायचं, एवढंच काम राहिलं होतं.

एप्रिलात गावानं तलावातला गाळ काढायचं ठरवलं. कमिटीचा पुढारी बद्रीनाथचाच थोरला भाऊ, आप्पासाहेब. बद्रीनाथनं त्याला कोपऱ्यात नेऊन खुंट्या दाखवल्या.

"आप्पा, एवढे दोन गुंठे सोड. बाकी सगळा तलाव ने."

"ऱ्हाऊ दे की तुझ्या गोगलगायी. कोण हात लावतंय?"

त्या शब्दावर बद्रीनाथ परीक्षेच्या ड्युटीला शहरात गेला. आठ दिवसांनी परतला तर कोपऱ्यात पुरुषभर खोल खड्डा. एकही खुंटी जागेवर नव्हती. काठावर भिकनमामा बसला होता. हाताला फडकं बांधलेलं.

"जेसीबीच्या पुढं जाऊन हुभा राहिलो सर. आप्पासाहेब म्हनले, तू कोन रं? दोघांनी वढत बाजूला नेलं."

बद्रीनाथ तडक घरच्या शेतात गेला. मोसंबीच्या आळ्यांत काळाभोर गाळ पसरला होता. उन्हात पडलेल्या गोगलगायी बगळे टिपत होते. ट्रॅक्टरच्या चाकोरीत शिंपल्यांचा चुरा झाला होता. त्यानं एक गोगलगाय उचलून झाकण दाबलं. आत काही नव्हतं.

आप्पासाहेब बांधावर आला. "तिथलाच गाळ लई कसाचा निघाला. आणि बघ, पहिल्या ट्रॉल्या तुझ्याच वाट्यात टाकल्यात."

"तू शब्द दिला होतास."

"बद्री, झाडं वाळायला लागलीत. किड्यांसाठी मी गावाला नाय म्हनू?"

बद्रीनाथ हातातली गोगलगाय बांधावर ठेवून वळला. घरी भावजयीनं, मनकर्णाबाईनं, चहा दिला. तो त्यानं गुमान प्याला. त्याचाच त्याला पुढं कितीतरी दिवस राग येत राहिला.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. दोघांनी चार महिने त्या कोपऱ्यातला तळ चाळला. एकही जिवंत गोगलगाय हाती लागली नाही.

पीएच.डी.चे गाईड म्हणाले, "दुष्काळानं तळाचे जीव नष्ट झाले, असं लिहा. आकडे तेच सांगतात."

"सर, ते दुष्काळात जगले होते. गाळाबरोबर गेले."

"मग कुणी नेला तेही लिहावं लागेल. नाव भावाचंच ना? आणि राखलेली जागा तुम्हाला राखता आली नाही, हेही येईल त्यात. बघा बुवा."

बद्रीनाथनं आठ दिवस कागद पुढं ठेवला. मग गाईडनी सांगितलं तसं लिहिलं. बादलीतल्या गोगलगायीचं पान त्यानं प्रबंधात घातलंच नाही.

पदवी मिळाली तेव्हा गावानं सत्कार ठेवला. आप्पासाहेबानं स्वतः फेटा बांधला, माइकवर भावाचं कौतुक केलं. टाळ्या थांबल्यावर भिकनमामा मांडवाच्या कडेला येऊन उभा राहिला.

"सर, त्या जाड पुस्तकात आपल्या निजलेल्या गोगलगायींचं लिवलं ना?"

"दुष्काळानं गेल्या, असं लिहिलंय मामा."

भिकनमामानं त्याच्याकडं नीट पाहिलं. "पर आपन तर जित्या बघितल्या व्हत्या."

एवढं बोलून तो मेंढरांकडं वळला. त्यानंतर बद्रीनाथनं दोनदा निरोप धाडला. भिकनमामा आला नाही.