म्हाळाच्या पंचमीला थीम पार्क

जगात जे जे मोठं घडलं ते आधी कागदावर घडलं, असं सगुणचं ठाम मत आहे. सगुण पेडण्याच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे आणि एकवीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या कागदावर घडलेलं काहीही अजून जगात घडलेलं नाही.

तरीही चवथ संपून गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळं उतरवून झाल्यावर त्याने रेघांचा लांब कागद घेतला आणि वर लिहिलं, ‘मुलांची थीम पार्क सहल : मसुदा’. खाली दोनदा रेघ मारली. मग चहा मागवला. घरातच होता, पण मागवला.

मुलं दोन. एक त्याचा रुद्रेश, अकरा वर्षांचा. रुद्रेशला ऑटिझम आहे. पुढे काय होणार हे आधी ठाऊक असेल तर घरात त्याच्याइतका शिस्तीचा माणूस नाही. ठाऊक नसेल किंवा कानाशी एकदम मोठा आवाज झाला, तर तो दोन्ही कानांवर हात ठेवतो आणि असेल तिथे आडवा होतो. आजवर तो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांच्या राशीशेजारी, एका लग्नात बरोबर अंतरपाटाखाली आणि बँकेत कॅशियरच्या खिडकीपुढे आडवा झालेला आहे. बँकेतली रांग त्या दिवशी त्याला ओलांडून पुढे सरकली. त्याची आई सुविधा प्रत्येकाला ‘सॉरी’ म्हणत होती, म्हणजे एकूण चौदा जणांना, आणि एकाला दोनदा, कारण तो पासबुक विसरून परत आला.

दुसरी सायली. सगुणची बहीण रेश्मा डिचोलीला दिलेली, तिची मुलगी. नऊ वर्षांची. पाय जन्मापासून चालत नाहीत, त्यामुळे ती चाकाच्या खुर्चीत असते. भीती नावाची वस्तू तिला देवाने दिलेलीच नाही. उतार दिसला की ती चाकांवरचे हात काढून घेते. जत्रेतले पाळणेवाले तिला नेहमी मायेने सांगतात, “बाय, तू हयसर खाली बसून बघ हां.” ती इतकी वर्षं खाली बसून बघत आली आहे की कुठल्या पाळण्याला खालून कुठे गंज धरलाय हे तिला तोंडपाठ आहे.

म्हणजे एकाला आवाज नको, रांग नको, अचानक काही नको. दुसरीला फक्त अचानक काहीतरी हवं. आणि हे सगळं हेडक्लार्कच्या पगारात.

“मी येईन,” सुविधा म्हणाली. “पण एक दिवस, फक्त एक दिवस, मला कोणाला सॉरी म्हणायला लागता नये. याची सोय तुमच्या कागदात आहे?”

सगुणने मान हलवली आणि लिहिलं, ‘कलम ४ : सॉरी नाही’.

मग त्याने अंमलबजावणीचा अभ्यास सुरू केला. डिचोली तालुक्यात एका जुन्या खाणीच्या जागेवर नवा थीम पार्क झाला होता. खाण बंद पडल्यावर तुषार नावाच्या ट्रकमालकाने ट्रक विकून पाळणे घेतले होते. थीम काय होती ते कुठे लिहिलेलं नव्हतं. गेटवर एक डायनासोर, एक मावळा आणि एक पेंग्विन असे तिघे हात उंचावून उभे होते. पार्कच्या पत्रकात लिहिलं होतं, ‘सप्टेंबर धमाका! पंधरा दिवस सर्वांना निम्मा दर. गर्दी नाही!’ पंधरा दिवसांच्या तारखा सगुणने कालनिर्णयाशी ताडून पाहिल्या. धमाका बरोबर पितृपक्षाएवढा होता.

सगुणच्या वडिलांना, म्हणजे बाबलींना, हे कळलं तेव्हा ते सुपारी कातरत होते.

“म्हाळाच्या दिसांनी कोण मजा करूक जाता रे? पितर घराकडे येतले आणि तुम्ही पाळण्यात?”

“बाबा, आपले पितर षष्ठीला. आम्ही पंचमीला जातो.”

“एक दीस आदी इले तर?”

“तिथी सोडून येत नाहीत ते. तुमचेच वडील ना?”

बाबलींनी थोडा विचार केला. त्यांचे वडील सर्कल इन्स्पेक्टर होते आणि हयातीतही कधी वेळेआधी आले नव्हते. “खरां ता,” ते म्हणाले.

सगुणने मग सगळीकडे फोन लावले. रेश्माच्या सासरचा म्हाळ दशमीला. सुविधाच्या माहेरचा, वाळपईचा, नवमीला. सुविधाच्या आत्याचा फोन लागला नाही, पण ती जिवंत होती, तेव्हा तो प्रश्न नव्हता. पंचमी सगळीकडून मोकळी निघाली. मंगळवार होता. सगुणने किरकोळ रजा टाकली आणि कागदावर लिहिलं, ‘पंचमी : कोणाचेही नाही’.

रुद्रेशच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की दिवसाचा कार्यक्रम चित्रांतून त्याला आधी दाखवा. सगुणने रात्री नऊपर्यंत बसून अकरा चौकोनांचा तक्ता काढला. गाडी, पूल, रेश्माआत्याचं घर, गेट, ट्रेन, जेवण. चित्रकलेत त्याला गती नव्हती. जेवणाचं ताट आणि मोठा पाळणा एकसारखेच दिसत होते. पण प्रत्येक चौकोनाखाली वेळ होती आणि रुद्रेश वेळ वाचत होता. आठवडाभर तो रोज सकाळी तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणे. “साडेअकरा गेट. पावणेबारा ट्रेन.” सगुणला भरून येई. त्याचं परिपत्रक आजवर कोणी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

पंचमीला सगळं वेळेवर झालं. साडेनऊला पेडणं सोडलं. अकराला डिचोलीत रेश्मा आणि सायलीला घेतलं, खुर्ची घडी करून टपावर बांधली. साडेअकराला एक मिनिट कमी असताना गाडी पेंग्विनपुढे उभी राहिली.

गेट बंद होतं. गेटवर पाटी होती. ‘आज मालकांच्या वडिलांचा म्हाळ असल्यामुळे पार्क बंद आहे. तसदीबद्दल क्षमस्व.’

सुविधाने पाटी शांतपणे वाचली.

“चारी बाजूंचे मेलेले बघितलेत,” ती म्हणाली. “मालकाचे तेवढे राहिले.”

“फोन उचलत नव्हते गो ते,” सगुण म्हणाला.

“आणि उचलून तू काय विचारणार होतास, दादा?” रेश्मा म्हणाली. “तुमचो बापूस कुठल्या तिथीला गेला म्हणून?”

खरं तर तेच विचारायला हवं होतं.

रुद्रेश तोवर गाडीतून उतरून गेटाशी उभा राहिला होता. एक हात गजावर, दुसऱ्या हातात तक्ता. “साडेअकरा गेट,” तो म्हणाला. “पावणेबारा ट्रेन.” तो मागत नव्हता. तो फक्त वाचत होता. सुविधाने घड्याळ पाहिलं, मग खालची तांबडी खाणीची माती पाहिली. पावणेबाराला ट्रेन आली नाही तर तिचा मुलगा या मातीत आडवा होणार होता आणि पुढचे दोन तास कोणालाही त्याला उचलता येणार नव्हतं. ट्रेन आतल्या बाजूला दिसत होती. तोंडावर हत्तीचं चित्र.

मोठ्या पाळण्याखाली पंधरा-वीस माणसं घोळक्याने उभी होती. कोणी बोलत नव्हतं. त्यातून एक उघडाबंब, धोतर नेसलेला माणूस गेटाकडे आला. गळ्यात जानवं नव्हतं, पार्कची शिटी होती. हाच तुषार.

“सॉरी हां,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “आज बंद. कावळो येऊक नाय अजून.”

हकिगत अशी होती. तुषारचं घर पार्कच्याच आवारात. गेल्या वर्षी म्हाळाला त्याने पार्क चालू ठेवला. गाण्यांच्या आणि मोटारींच्या आवाजाने कावळा पानाकडे फिरकला नाही. चार वाजले. सतरा पाहुणे उपाशी. तेव्हापासून तुषारची आई शेवंती त्याच्याशी विचारलं तर तेवढ्यापुरतंच बोलत होती. यंदा त्याने सकाळपासून सगळं बंद ठेवलं होतं. एकही गाणं नाही, एकही मोटर नाही. पानावर खीर, वडे, खतखतं वाढून ठेवलं होतं, आणि कावळे मोठ्या पाळण्याच्या टोकावर रांगेने बसून खाली बघत होते.

“किती वेळ?” सगुणने विचारलं.

“अर्धो तास झालो. बघतत सगळे. येणा नाय कोण.”

सगुणने खिशातून मसुदा काढून गजांतून आत दिला. दुसरं काय करायचं त्याला सुचलं नाही. तुषारने तो पहिल्यापासून वाचला. खाणीच्या काळात त्याने पुष्कळ परवाने वाचले होते आणि शिक्का नसला तरी रेघा मारलेल्या कागदाला तो मान देत असे. ‘कलम ४’ पाशी तो थांबला. “हे काय?”

“ते माझं आहे,” सुविधा म्हणाली.

एवढ्यात शेवंतीबाई काठी टेकत आल्या. गेटाबाहेर मुलगा गजाला धरून उभा, मुलगी टपावरून उतरवलेल्या खुर्चीत. त्यांनी दोघांना पाहिलं, मग तुषारला.

“म्हाळाच्या दिसा दारात इल्लो माणूस परत धाडतंस?”

“आई, पार्क बंद आसा.”

“पार्क बंद आसा. घर बंद आसा काय? तुझो बापूस खाणीर आसताना टायर फुटल्लो ट्रकवालो दारात इलो तरी त्येका जेवल्याशिवाय सोडीत नाय होतो. आता तो वरसून बघता आणि तू गेट लावन उभो.”

वर्षभरात त्यांचं हे सगळ्यात लांब बोलणं. तुषार मुकाट पानाजवळ गेला. हात जोडून त्याने वर पाळण्याच्या टोकाकडे पाहिलं.

“बाबा,” तो म्हणाला, “पोरांका आत घेतंय. ट्रेन चालू करतंय. आता खावा.”

माणसं मागे सरली. कावळा आला. त्याने आधी वडा उचलला.

तो नेमका का आला यावर पुढे मतभेद झाले. पाहुण्यांचं म्हणणं, म्हाताऱ्याची इच्छा पुरी झाली. सायलीचं म्हणणं, वीस माणसं पानाला चिकटून उभी होती ती हलली म्हणून. घड्याळात अकरा त्रेचाळीस झाले होते. गेट अकरा चव्वेचाळीसला उघडलं. रुद्रेशने तक्त्यावर बोट ठेवलं आणि ट्रेनकडे चालू लागला.

ट्रेन चालवणारा पांडुरंग पूर्वी तुषारच्याच टिपरवर, म्हणजे खाणीच्या ट्रकवर, होता. त्याला बटणांची सवय झाली नव्हती. तो अजून क्लीनरच्या भाषेत चाले. पत्र्यावर एक थाप म्हणजे जाऊ दे, दोन थापा म्हणजे थांब. त्याने रुद्रेशला ते एकदाच दाखवलं.

रुद्रेशने एक थाप मारली. ट्रेन निघाली. दोन मारल्या. थांबली. पुन्हा एक. पुन्हा दोन. अख्ख्या पार्कात गाणं नाही, भोंगा नाही, मागे कोणी ताटकळत नाही. त्याने एका फेरीत ट्रेन अकरा वेळा थांबवली, आणि अकराही वेळा ती थांबली.

“असो क्लीनर माका धा वर्सां आदी मिळूक होयो होतो,” पांडुरंग म्हणाला.

सुविधा रुळाशेजारी उभी होती. प्रत्येक वेळी ट्रेन थांबली की तिच्या तोंडात शब्द तयार होई. ती मागे वळून पाही. सॉरी घ्यायला कोणी नव्हतं. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर ती एका सिमेंटच्या बेडकावर बसली आणि तिने चपला काढल्या.

सायलीने तोवर उडती होडी निवडली होती. होडीपुढे पाटी होती, ‘स्वतः चालू शकणाऱ्यांनाच प्रवेश’. ट्रेनची फेरी संपल्यावर रेश्माने पांडुरंगला पाटी दाखवली.

पांडुरंगने ती लक्षपूर्वक वाचली. “हो बोर्ड मालकान लायलो,” तो म्हणाला. “मालक पानां वाढता.” मग त्याने सायलीला उचलून बसवलं, पट्टा लावला, त्यावर ट्रकचा ताडपत्रीचा पट्टा आवळला आणि दोनदा ओढून पाहिला. “धा टन माती बांदल्या मी. रस्त्यात कधी सांडूक नाय.”

एका बाजूला रेश्मा बसली, दुसऱ्या बाजूला सगुण. होडी वर गेली. सायलीने दोन्ही हात सोडले. रेश्माने डोळे मिटले. सगुणने मसुद्यातलं एखादं तरी कलम आठवायचा प्रयत्न केला, पण त्याला स्वतःचं नावही आठवेना.

“खालून बघण्यापेक्षा वरून बरं आहे,” सायलीने वरून कळवलं. “पांडूकाका, अजून वर जाते काय ही?”

ती जात होती. सगुण खाली उतरला तेव्हा तो पेंग्विनच्या पोटाच्या रंगाचा झाला होता.

मग सगळे पंक्तीला बसले. रुद्रेशने तक्त्यावरचं ताटाचं चित्र पाहिलं आणि खीर खाल्ली. शेवंतीबाईंनी तुषारला स्वतःहून विचारलं, “वडो होयो?” तुषारने पान पुढे केलं आणि तो वडा खाल्ला. मग हात धुऊन तो उभा राहिला, शिटी नीट केली आणि पाहुण्यांसमोर बोलू लागला.

“आता माझ्या लक्षात आलं. दर महिन्याला एक दिवस असाच ठेवायचा. गाणी बंद, रांग नाही. अशा सगळ्या पोरांसाठी, गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या. ती पाटी काढायची. उद्घाटनाला मंत्री आणूया. गेटवरचा पेंग्विन काढून तिथे या दोघांचे फोटो लावूया. अशी सोय दुसरीकडे खंयच नाय.” तो सुविधाकडे वळला. “वहिनी, तुम्ही सांगा. काय पाहिजे ते मागा. आज बाबांच्या पानासमोर शब्द देतो.”

जेवणारे थांबले. शेवंतीबाईंनी काठी बाजूला ठेवली. सगुणने कागद काढून पेनाचं टोपण उघडलं.

सुविधाने सायलीकडे पाहिलं. सायली बराच वेळ खुर्चीत चुळबुळत होती.

“मघाशी बघितलं, तुमच्या त्या अपंगांच्या टॉयलेटात झाडू भरून ठेवलेत,” सुविधा म्हणाली. “आणि दोन कढया. ते सगळं आधी बाहेर काढा. पोरीला आत्ता जायचंय.”