बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

मी एक जुना जिवाणू आहे. राहायला एका शिंप्याच्या, म्हणजे आमच्या मास्तरांच्या, आतड्यात, अगदी शेवटच्या वळणावर. जिवाणू म्हटल्याबरोबर नाक मुरडलंत ना, मित्रांनो? मुरडा. साबणाच्या जाहिरातीत आम्हाला शिंगं काढतात, आणि इथे आम्ही राब राब राबतो!

मास्तर तान्हे असताना त्यांच्या आईकडून माझे पूर्वज त्यांच्या पोटात आले. आम्ही दुभंगून वाढतो, त्यामुळे पूर्वज कोण आणि मी कोण, हे शोधायचा नाद मी केव्हाच सोडला. डाळी, भाज्या, फळांच्या साली यांतलं जे मास्तरांना पचत नाही, ते आम्ही खातो. त्यातून जे आम्ल तयार होतं, त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. आपलं कोण आणि परकं कोण, हे रोगाशी लढणाऱ्या पेशींना शिकवण्यातही आमचा हात असतो. कौतुक? नाव काढू नका.

आमच्यात सगळेच सज्जन नाहीत, हेही कबूल. जठरात राहणारा आमचा एक भाऊबंद काही जणांना तिथे कर्करोगाची गाठ उठवतो. त्याला औषधाने हाकललेलंच बरं. पण त्या एकापायी अख्ख्या गल्लीला कशाला उठवायचं?

आमचे मास्तर कापडाची चिंधीसुद्धा टाकत नाहीत. "कामाला येईल," म्हणतात. तशाच त्यांनी उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या बटणांच्या डब्यात जपून ठेवल्या. दातदुखीच्या उरलेल्या, बायकोच्या खोकल्यातल्या, शेजाऱ्याने दिलेल्या. शिंक आली की एक, घसा खवखवला की दोन. सर्दीवर त्यांचा काडीचा उपयोग नसतो, पण सांगणार कोण? दर वेळी आमच्या वस्त्याच्या वस्त्या उठायच्या. मी अगदी कावून जायचो.

मग त्यांच्या शर्टाची कॉलर घट्ट होऊ लागली. मास्तरांनी काय करावं? कॉलर अर्धा इंच वाढवली. दोन महिन्यांनी पुन्हा वाढवली. सुई हातात आहे, मग विचार कशाला करायचा! शेवटी दुकानात काजं करणाऱ्या त्यांच्या लेकीनेच टेप उचलली. "बाबा, कंबर उतरलीय आणि गळा वाढलाय. असं कुणाचं माप वाढतं का?"

गळ्यातल्या गाठी लिम्फोमाच्या निघाल्या. म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचाच कर्करोग. तशीच एक गाठ पोटातही सापडली. पहिल्या औषधांना त्या दाद देईनात. मग डॉक्टरबाईंनी नवा उपचार सुचवला: मास्तरांच्याच पेशी बाहेर काढायच्या, त्यांना गाठ ओळखायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायच्या. गेल्या महिन्याभरात प्रतिजैविकं घेतलीत का, असं त्यांनी विचारलं. मास्तर नाही म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत हो. डब्यातल्या गोळ्या त्यांच्या लेखी औषधच नव्हत्या.

पुढच्या खेपेला लेकीने तो डबा बाईंच्या टेबलावर पालथा केला. बटणं खाली घरंगळली, गोळ्या वर राहिल्या. बाई रागावल्या नाहीत, आणि मास्तरांना तेच जास्त लागलं.

"आधी अशी औषधं घेतलेल्यांना हा उपचार कमी वेळा लागू पडलेला दिसतो," त्या म्हणाल्या. "त्या औषधांमुळेच का, हे अजून शोधतायत. गाठी थांबणार नाहीत, म्हणून आपणही थांबायचं नाही. पण यापुढे मला विचारल्याशिवाय एकही गोळी नको. आणि ताप आला तर लगेच फोन."

उपचारानंतर चौथ्या दिवशी ताप चढला. मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा आधी फोन केला. रुग्णालयात बाईंनी थेट शिरेतून प्रतिजैविक दिलं आणि आमची निम्मी वस्ती साफ झाली. त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. ते औषध हवंच होतं. मास्तर गेले असते, तर आम्ही तरी कुठे उरलो असतो?

तीन महिन्यांनी तपासणी झाली. गळ्यातल्या गाठी विरल्या होत्या. पोटातली एक मात्र तशीच होती.

मास्तरांनी विचारलं, "त्या गोळ्या घेतल्या नसत्या, तर हीपण गेली असती का?"

"नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी त्या गाठीपासून वीतभर अंतरावर राहतो आणि मलाही ते सांगता येत नाही. म्हणून माझा जीव एवढा जळतो. डॉक्टरांनी दिलेलं औषध पुरतं घ्या. उरलंसुरलं, उसनं औषध मनाने घेऊ नका. मास्तर आता साध्या शिंकेलाही फोन करून विचारतात. पलीकडून बाई दर वेळी शांतपणे सांगतात, गोळीची गरज नाही. इतकं सोपं होतं ते.