मुकी पिल्लं

सत्याऐंशी सालची गोष्ट. शुक्रवारी उन्हं कलली की गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनाच्या आवारात पाय ठेवायला जागा उरत नसे. एरंडोलकडून टेम्पो भरभरून माणसं येत. त्यात बायका जास्त, आणि बहुतेक पोटुशा. मधोमध महाराज बसत. गळ्यात कवड्यांची माळ, पाठीशी कापडाने झाकलेला मांजरांचा पिंजरा, आणि पुढ्यात काळ्या फडक्याने झाकलेली भली मोठी टोपली. टोपलीत मांजराची पिल्लं.

"सटवाईचं वाहन आहे हे!" महाराज गर्जत. "जी तुमच्या कपाळावर लिहिते, तिचं! हात घाला, पिल्लू काढा. पिल्लात जे, तेच पोटात. शेपूट उचलायच्या आधी सांगतो. खोटं निघालं तर ही जीभ कापून बोक्यापुढे टाका!"

जीभ कापायची वेळ काही येत नव्हती. महाराज 'अंडेर' म्हणाले की पिल्लू मादी निघे, 'आंडोर' म्हणाले की नर. मुलगी आणि मुलगा हे दोनच शब्द ऐकायला माणसं श्वास रोखून उभी राहत. कधी एखादीच्या हाती काळं पिल्लू येई. मग महाराज डोळे मिटून म्हणत, "मुकं आलं. देवी बोलत नाही. परत टाक." ते गुपचूप टोपलीत जाई. काळ्या मांजराला शिवणं म्हणजे घरात इडापिडा आणणं, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ होतं. त्यामुळे काळ्या पिल्लाचं शेपूट उचलून बघायची कुणाची छाती नव्हती.

अंडेर निघाली की महाराजांचा चेला पोट पाडायच्या काढ्याची बाटली पुढे करी. काढा कशाचा, हे कुणी विचारत नव्हतं. शेजारच्या वस्तीतल्या वना नावाच्या गड्याच्या बायकोने तो घेतला आणि आठवडा उलटायच्या आत ती गेली. महाराज म्हणाले, तिच्या मनात किंतु होता. वनाने ते मान खाली घालून ऐकून घेतलं आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तो गर्दीत येऊन उभा राहिला. दुसरं कुठे जावं, हेच त्याला सुचत नव्हतं.

हे सगळं द्रौपदाबाईला ठाऊक होतं. तरीही आज ती सुनेला घेऊन आली होती. लिलाला दोन मुली होत्या आणि आता चौथा महिना होता. द्रौपदाबाई काही दुष्ट बाई नव्हती. सुनेच्या दोन्ही बाळंतपणांत तिनेच रात्री जागवल्या होत्या. पण घराला दिवा हवा, या एका विचाराने तिच्या डोक्यात ठाण मांडलं होतं. चाळीसगावला शाळेत विज्ञान शिकवणारी तिची लेक कुंदा दुपारीच माहेरी आली होती. तीही मागोमाग आली होती, एक शब्द न बोलता. द्रौपदाबाईला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

लिलाने फडक्याखाली हात घातला. बाहेर आलं ते पिल्लू पांढऱ्यावर काळे नि पिवळे डाग असलेलं, तीन रंगांचं.

"अंडेर!" महाराज म्हणाले.

गावचे पोलीस पाटील चुडामण आबा शेपूट उचलायच्या मानाच्या कामावर होते. त्यांनी उचललं, पाहिलं आणि मान हलवली. मादीच होती. गर्दीतून एक हळहळ निघाली. बाटली द्रौपदाबाईच्या हातात आली. काच गार लागली, आणि तिला एकदम वनाच्या बायकोचा पिवळा पडलेला चेहरा दिसला. तिने बाटली घट्ट धरली. परत द्यायचं धाडस तिला होत नव्हतं.

"महाराज, माझंही सांगा," कुंदा पुढे होऊन म्हणाली आणि तिने फडकं बाजूला सारून टोपलीतून मुद्दाम काळं पिल्लू उचललं.

"मुकं आहे ते. खाली ठेव."

"मुकं कसं? चांगलं म्याव म्याव करतंय की."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"कुंदे, ठेव ते!" द्रौपदाबाई ओरडली. "घरनं वाटोळं करशी!"

"माय, वाटोळं तुझ्या हातातल्या बाटलीत आहे." कुंदाने टोपलीतली चारही काळी पिल्लं ओळीने फडक्यावर मांडली. "सांगा महाराज. जीभ कापू नका, नुसतं सांगा."

महाराजांनी गर्दीकडे पाहिलं. गर्दी त्यांच्याकडेच पाहत होती. "आंडोर," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "चारही आंडोर."

कुंदाने एकेक शेपूट उचललं. आबा वाकून बघत होते. चारांतल्या तीन माद्या निघाल्या. कुणावर वीज पडली नाही.

"आता माझा चमत्कार बघा," म्हणत कुंदा टोपलीकडे पाठ करून उभी राहिली. "आबा, कोणतंही पिल्लू काढा आणि मला फक्त रंग सांगा."

"पिवळं."

"नर."

आबांनी पाहिलं. "नर शे बरं!"

"तीनरंगी," दुसरं काढून आबा म्हणाले.

"मादी."

तिसऱ्या पिल्लाला कुंदाने तोंड उघडायच्या आतच मागून चार-पाच जण ओरडले, "पिवळं! आंडोर!" आणि तो आंडोरच निघाला. सगळा गावच महाराज झाला होता.

"यात देवी नाही," कुंदा सांगू लागली. "मांजराच्या अंगातला पिवळा किंवा काळा रंग एका गुणसूत्रावर असतो, त्याला एक्स म्हणतात. मादीजवळ एक्स दोन, नराजवळ एकच. म्हणून पिवळा आणि काळा दोन्ही अंगावर मिरवायचे तर दोन एक्स हवेत, म्हणजे मादीच हवी. नर निघालाच तर हजारांत एखादा. पांढऱ्याचा हिशोब निराळा, तो कुणालाही येतो. आता हे बघा." तिने महाराजांच्या मागच्या पिंजऱ्यावरचं कापड ओढलं. आत एक तीनरंगी मांजर आणि एक काळाभोर बोका बसला होता. "हे आईबाप. बाप लेकीला आपला एक्स देतो, आणि तो काळाच. त्यामुळे लेक एकतर तीनरंगी नाहीतर काळी, निव्वळ पिवळी कधीच नाही. लेकाला एक्स फक्त आईकडून मिळतो. म्हणून पिवळं पिल्लू नरच. काळं मात्र दोन्ही असू शकतं. ते यांना ओळखता येत नाही, म्हणून ते मुकं! आणि पिल्लू नर की मादी हे कळलं, म्हणून वहिनीच्या पोटातलं कसं कळेल? टोपलीचा आणि पोटाचा संबंध काय?"

महाराज हळूच उठायला लागले. आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं, आणि ठाण्यावर निरोप द्यायला माणूस धाडला.

तेवढ्यात वना पुढे आला. त्याचा आवाज अगदी बारीक होता. "ताई, मंग मनी बायकोना पोटमा काय व्हतं?"

कुंदा त्याच्याजवळ गेली. "कुणालाच माहीत नव्हतं, वनाभाऊ. यालाही नाही."

वना तिथेच जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. कुणी त्याला उठवायला गेलं नाही. सगळ्यांनाच आपली लाज वाटत होती.

लाज फार वेळ टिकली नाही. मागून एक आवाज आला, "मांजर खोटं तं खोटं. पन शहरमा मशीन उनं शे म्हनतस. ते खरं सांगस."

दोन-तीन माना हलल्या. पोटातलं मूल दाखवणारं मशीन शहरात आल्याचं त्यांनीही ऐकलं होतं. महाराजांपुढे न घाबरलेली कुंदा त्या वाक्याला घाबरली. "ऐका," ती म्हणाली. "डोळे उघडे ठेवा, काळ्या पिल्लाचंही शेपूट उचलून बघा, एवढंच विज्ञान सांगतं. माणसातही मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, बाईचा त्यात काही दोष नाही. पण उद्या कुणी अगदी खरं सांगणारा भेटला, तरी बाटली विषाचीच राहील. वनाभाऊंची बायको खोट्या निदानाने गेली नाही. आपल्याला मुलगी नको होती, म्हणून गेली."

लिला पुढे झाली. तिने पदर नीट केला आणि साऱ्या गावासमोर सासूला विचारलं, "आत्याबाई, अंडेरच व्हयनी तर?"

द्रौपदाबाईला वाटलं, मुलगीच झाली तर, हा प्रश्न कुणीतरी आपल्याला फार पूर्वी विचारायला हवा होता. वना अजून रडत होता. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने बूच काढलं आणि काढा जिनाच्या भिंतीपाशी मातीत ओतला. वास इतका उग्र होता की जवळची माणसं मागे सरली.

"व्हयनी तं व्हयनी," ती म्हणाली. "तिले बी मीच न्हाऊ घालसु. चाल घर."