दुनियेत नसलेला साप

मी चांदीचा बिल्ला बोलतोय. कागदोपत्री माझं नाव भलतंच लांबलचक आहे : 'कै. प्रा. केशवराव इंगोले स्मृती पदक, सर्पांची उत्क्रांती व वर्गीकरण यांवरील संशोधनासाठी'. एवढं सगळं माझ्या पाठीवर कोरताना अकोल्याच्या खुशालराव सोनारांच्या कपाळाला घाम फुटला होता. तेव्हा आपण सरळ बिल्लाच म्हणू. अमरावतीत मला कुणी पदक म्हटलं नाही, तुम्ही तरी कशाला जिभेला त्रास देता?

ज्यांच्या नावानं मी आहे ते केशवराव अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. साप म्हणजे त्यांचा जीव की प्राण. घरात लोणच्याच्या बरण्यांशेजारी सापांच्या बरण्या! पाहुणे जेवायला बसले असताना त्यांच्या बायकोनं, माणिकबाईंनी, एकदा फळीवरची बरणी काढली, झाकण उघडलं आणि आत दिवड. पाहुणे हात न धुताच पळाले. त्यानंतर आठ दिवस नवराबायकोचं बोलणं बंद होतं म्हणतात.

१९५७ साली केशवराव न्युमोनियानं गेले. पण सापवाल्या माणसानं न्युमोनियानं मरावं हे गावाला पटेना. "सापच डसला असंन! बाई लपवून राह्यल्या," असं जो तो म्हणायचा. माणिकबाई डॉक्टरचा कागद दाखवून दाखवून थकल्या. शेवटी चिडून म्हणाल्या, "यायच्या मरणाचं तुमाले एवढं पडलं, कामाचं कोणालेच नाई!" आणि त्याच रागात त्यांनी माझा संकल्प सोडला.

पायातले चांदीचे तोडे घेऊन त्या अकोल्याला, जठारपेठेत, माहेरच्या सोनाराकडे आल्या. खुशालराव हळहळले. "माणिकबाई, बापानं दिलेले तोडे हायत. मोडता काहून?"

"मोडा भाऊ. आता वाजले तरी ऐकाले कोण हाय घरात?"

खुशालरावांनी शेगडी फुंकली. मी वितळलो, ओतला गेलो, ठोकला गेलो. आता माझ्यावर साप काढायचा होता.

"कोणता साप काढू?" खुशालरावांनी विचारलं.

सोबत बिल्ला द्यायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सूर्यभानजी आले होते. निवृत्त शिक्षणाधिकारी, काळा कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. ते म्हणाले, "अहो, साप म्हणजे साप! त्यात काय कोणता?"

घ्या! सापांच्या वर्गीकरणाचा मी बिल्ला, आणि माझा जन्म या वाक्यातून झाला.

खुशालरावांनी मग आपलं डोकं चालवलं. नागपंचमीच्या चित्रातला फणा घेतला. मागच्या महिन्यात अंगणात निघालेल्या मण्यारीचे पट्टे घेतले. राहिली खवलं. दुकानात मासोळ्यांचा ठसा होता, म्हणजे बायका पायाच्या बोटात घालतात त्या चांदीच्या मासोळ्या, त्याच्यावर खवलं उठवायचा. तोच ठसा माझ्या सापावर टकाटक मारला. खवलं ती खवलं! काम झाल्यावर त्यांनी मला धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि म्हणाले, "झकास!" मलाही तेच वाटलं. खोटं कशाला बोलू, मी स्वतःवर खूश होतो.

त्यानंतर सहा वर्षं मी अमरावतीला समितीच्या कचेरीत, सूर्यभानजींच्या टेबलाच्या खणात पडून राहिलो. दरवर्षी जाहिरात निघायची, दरवर्षी अर्ज यायचे. काय एकेक अर्ज! एकानं नागमण्यावर चाळीस पानं लिहिली होती. एकानं विष उतरवायचा मंत्र पाठवला, वर सूचना की पाकीट उघडण्याआधी आंघोळ करावी. एकानं नागिणीच्या सूडाची हकीकत पाठवली आणि साक्षीदार म्हणून आपल्या सासूचं नाव दिलं. समिती दरवर्षी लिहायची, 'योग्य उमेदवार नाही'. आणि मी पुन्हा खणात. उन्हाळ्यात पंख्यानं कागद उडू लागले की तेवढा मला बाहेर काढून कागदांवर ठेवायचे. एका नागपंचमीला तर शिपायानं माझ्यावर हळदकुंकू टाकून वाटीभर दूध ओतलं. आठ दिवस मला आंबट वास येत होता.

एकदा तरी कुणाच्या छातीवर लागावं, एवढीच माझी इच्छा होती. फार मागत होतो का मी?

आणि १९६४ साली पातूरच्या मैनाबाई वानखडे आल्या.

शाळेत विज्ञान शिकवणारी सत्तावीस वर्षांची बाई. पातूरच्या शिवारात कुणी साप मारला की ती धावत जायची आणि मेलेला साप मागून आणायची. लोक म्हणायचे, "बाईचं डोस्कं फिरलं." पाच वर्षांत तिनं एकशे बारा साप जमवले, भिंगाखाली प्रत्येकाची खवलं मोजली आणि दोन जाडजूड वह्या लिहिल्या. तिचं म्हणणं असं की कवड्या आणि मण्यार एकमेकांसारखे दिसतात, पण ते जवळचे भाऊबंद नव्हेत. कवड्या बिनविषारी, मण्यार जहरी. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते, कवड्याला ती नसते. लोक रांग बघत नाहीत, पट्टे बघतात आणि बिचाऱ्या कवड्याला ठेचतात.

समितीनं वह्या वाचल्या आणि बिल्ला तिलाच द्यायचं ठरवलं. मी खणात नाचायचाच बाकी होतो.

समारंभाच्या दिवशी ती माणिकबाईंशेजारी बसली होती. हळूच सांगत होती, "बाई, आमचे हेडमास्तर म्हणून राह्यले, बिल्ला आणला तं सापायले एक खोली देतो, नाई तं बरण्या गावाबाहेर फेकतो." मी पेटीत मखमलीवर बसून सगळं ऐकत होतो. म्हणजे घोर मला एकट्यालाच नव्हता, एकशे बारा जणांचा सवाल होता.

सूर्यभानजींनी मला हातात घेतलं. टाचणी उघडली. तेवढ्यात मागून कुणीतरी कुजबुजलं, "बाईनं लिवलं की कोणाकडून लिवून आणलं?" लोक खो खो हसले. सूर्यभानजींना जोर चढला. त्यांनी मला मैनाबाईंपुढं धरलं आणि सभेला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, जरा सांगा यांना, या बिल्ल्यावरचा साप कोणता?"

त्यांना वाटलं, ती 'नाग' म्हणेल, टाळ्या पडतील, काम फत्ते.

मैनाबाईंनी पर्समधून भिंग काढलं.

अगं माय, भिंग कशाला! नाग म्हण ना! माझ्या अंगावरून ते भिंग फिरू लागलं तसा मी घामाघूम झालो. तिच्या कपाळावर आठी पडली. तिला कळलं. आणि मलाही कळलं, की आपल्यात काहीतरी मोठी खोट आहे.

बोलू नको बाई, मी मनातल्या मनात हात जोडले. तुझ्या बरण्यांची शपथ, बोलू नको!

तिनं सभेत मागं बसलेल्या आपल्या बापाकडं पाहिलं. बुधाजी त्याचं नाव. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आला तेव्हा त्यानं लेकीला सांगितलं होतं, 'कोणी सांगतलं म्हणून मानू नोको, सोता पाहून घे.' आता तो खाली मान घालून बसला होता. त्यालाही घाम फुटला असावा.

"साहेब," मैनाबाई म्हणाल्या, "हा साप नाई."

"म्हणजे?"

"फणा नागाचा हाय, पट्टे मण्यारीचे, अन् खवलं मासोळीचे. असा साप दुनियेत नाई."

सूर्यभानजी लालबुंद झाले. "सहा वर्षांत शंभर लोकांनी हा बिल्ला पाहिला. कोणालाच दिसलं नाही, आणि तुम्हालाच दिसलं?"

"कोणी मोजलं नाई साहेब, म्हणून दिसलं नाई."

"ज्यांना बिल्ला चुकीचा वाटतो, त्यांनी तो घेऊ नये!" असं म्हणून त्यांनी मला पेटीत टाकलं आणि झाकण लावलं. खटकन अंधार. मला रडू कोसळलं. बिल्लाही गेला, खोलीही गेली, आणि मी कोण तर कुणीच नाही. ना नाग, ना मण्यार, ना मासा!

मग पेटीवर दुसरा हात पडला. झाकण उघडलं. माणिकबाई!

"सायेब, चांदी माही हाय," त्या म्हणाल्या. "अन् नाव माह्या मालकाचं हाय. ते आज इथं असते तं हेच बोलले असते. त्यायच्यासंगं बावीस वर्षं भांडली मी, त्यायचा सोभाव मले म्हाईत नाई काय?"

त्यांनी मला उचललं. नवरा गेल्यापासून कुणी त्यांना साधं हळदीकुंकवालाही बोलावलं नव्हतं. आज हजार डोळ्यांसमोर त्यांनी मला मैनाबाईंच्या पदराला टोचलं. टाचणी बोटात घुसली. "आई गं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग हसता हसता रडल्या. सूर्यभानजी थोडा वेळ काठीची मूठ चोळत उभे राहिले आणि शेवटी, देवा शप्पथ, पहिली टाळी त्यांनीच वाजवली.

आता मी पातूरच्या शाळेत, सापांच्या खोलीत भिंतीवर असतो. मैनाबाईंचा पहिला धडा माझ्यावरच असतो : 'या सापात चुका किती?' पोरं तर मोजतातच, बाजाराच्या दिवशी गावचे लोकही मोजायला येतात. आधी फार लाज वाटायची. आता सवय झाली. चुकीच्याचाही असा उपयोग होतो, हे मला खणात पडून कधी कळलं नसतं.

गेल्या आठवड्यात बाजारात टोपली मांडून भाजी-माळवं विकणाऱ्या गंगूबाई धापा टाकत आल्या. "बाई, चला लवकर! गाईच्या कोठ्यात साप निघाला. पट्ट्याचा हाय. म्या मारला नाई, टोपल्याखाली झाकून ठेवला. तुमी येऊन खवलं पाहा!"

मैनाबाई तशाच धावल्या. तासाभरानं दोघी परत आल्या तेव्हा मैनाबाईंचे डोळे भरलेले होते आणि हातात कवड्या वळवळत होता. "गंगूबाई, नऊ वर्षांत लोकायनं मले मेलेलेच साप देल्ले वो," त्या म्हणाल्या. "हा पयला जिता."

शिवारात सोडण्याआधी त्यांनी त्याला पोरांना दाखवायला माझ्याशेजारी धरलं. अस्सल साप तो! चकचकीत अंग, मोजून घ्यावीत अशी खवलं. त्यानं माझ्याकडं, माझ्या फण्याकडं, माझ्या पट्ट्यांकडं नीट पाहिलं आणि मला जीभ काढून दाखवली. मी राग मानला नाही. त्याचा हक्कच होता तो.