बंद पंपाच्या पाण्यात एकोणचाळीस

“साहेब, तुमचा अहवाल खोटा आहे. आणि तो खोटा आहे हे तुम्हाला तीन आठवड्यांपासून माहीत आहे.”

खटखटबाई हे बोलल्या तेव्हा केबिनचं दार सताड उघडं होतं. मुद्दामच उघडं ठेवलं होतं त्यांनी. बाहेरच्या खोलीतल्या सहा खुर्च्यांवरची सहा माणसं एकाएकी कामात बुडाली.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. पाणी तपासणी खात्याचे सांख्यिकी अधिकारी ते. आवाज चढवणं त्यांच्या पदाला शोभत नसे.

“बसा बाई. पाणी घ्या.”

“कुठल्या पंपाचं?” बाईंनी विचारलं.

बाहेर कुणीतरी खोकून हसू दाबलं. साहेबांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला. कारणे दाखवा नोटीस. ‘आकडे टंकित करताना आपण केलेल्या हलगर्जीपणामुळे पंप क्रमांक सतराची नोंद चुकीची झाली.’ खाली कबुलीच्या सहीसाठी रेघ. वर बाईंचं पूर्ण नाव, जे ऑफिसात कुणी कधी घेत नसे. कळफलकावर इतक्या जोरात बोटं आपटणारी बाई, म्हणून खटखटबाई. बावन्न वर्षांच्या बाईचं बारसं पुन्हा कोण करणार?

चूक मोठ्या माणसाच्या हातून झाली की ती तांत्रिक त्रुटी, लहानाच्या हातून झाली की हलगर्जीपणा. इथे तर झाली होती मोठ्याच्या हातून आणि रेघ आखली होती लहानासाठी.

दोन दिवसांपूर्वी बाईंची धाकटी बहीण दवाखान्यातून आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. मुलांच्या वॉर्डात नर्स होती ती.

“ताई, आज एक बाळ आलं. तीन महिन्यांचं. ओठ निळे, नखं निळी. रक्त काढलं तर तपकिरी. लाल नाहीच गं. तपकिरी.”

“असं कशानं होतं?”

“पाण्यातल्या नायट्रेटनं. बाटलीचं दूध करतात ना त्या पाण्यात. आई म्हणते, मी उकळून देत होते हो, रोज उकळून. तिला कोण सांगणार, उकळलं की पाणी उडतं आणि विष तेवढंच उरतं? घराजवळचा पंप सोडून लांबच्या पंपावर जायची बिचारी. का, तर तिथे तुमच्या ऑफिसचा हिरवा बोर्ड आहे, ‘पिण्यास योग्य’ असा.”

“कितव्या नंबरचा पंप?”

“सतरा.”

बाईंच्या हातातला कंगवा केसांतच थांबला. एक्केचाळीस पंपांचे आकडे त्यांनीच टाइप केले होते आणि सतराचा त्यांना आठवत होता. एकशे अडुसष्ट पूर्णांक दोन. नायट्रेटची मर्यादा पंचेचाळीसची. असा आकडा बोटं विसरत नाहीत. टाइप करताना त्या स्वतःशीच म्हणाल्या होत्या, चला, या पंपावर तरी आता लाल बोर्ड लागेल.

“बाळ?” त्यांनी विचारलं.

“ऑक्सिजनवर आहे. औषध दिलंय. बघू.” बहीण उठली आणि दारातच वळली. “ताई, तो पंप चालूच आहे हं. आज आणखी दोघी जणी आल्या होत्या विचारायला. त्यांच्याकडेही तान्ही आहेत.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी डबा उघडलाच नाही. त्यांनी आपली मूळ फाइल काढली: सतराच्या पुढे एकशे अडुसष्ट पूर्णांक दोन. मग साहेबांचा छापील अहवाल काढला: सतराच्या पुढे सहा. नुसता सहा! आणि शेरा, ‘सर्वांत स्वच्छ पंपांपैकी एक.’ तेवीस नंबरचा पंप खरोखर चांगला, नऊ पूर्णांक चारचा, त्याच्यापुढे अडतीस. अख्ख्या तक्त्यात एकाही आकड्याला दशांश नाही. बाईंनी दशांशाशिवाय एकही आकडा टाइप केला नव्हता.

आणि एकतीस नंबरचा पंप. त्याचा दांडाच तुटला होता, थेंब पाणी नव्हतं. गावोगाव मोटरसायकलवर बाटल्या गोळा करत फिरणाऱ्या नमुनेवाल्यानं फॉर्मवर आकड्याच्या जागी लिहिलं होतं, ‘पंप बंद’. बाईंनी तेव्हाच फोन करून विचारलं होतं, की ही जागा रिकामी ठेवू का? साहेबांचं उत्तर होतं, “फॉर्मवर आहे तेच टाका. स्वतःचं डोकं लावू नका.” भिंतीवर तसं परिपत्रकच होतं. बाईंनी ‘पंप बंद’ टाकलं.

अहवालात त्या बंद पंपाच्या पाण्यात एकोणचाळीस नायट्रेट होतं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न आलेल्या पाण्याची तपासणी झाली होती, त्यावर सही झाली होती, शिक्का पडला होता, आणि वरपासून खालपर्यंत एकाही शहाण्यानं तो कागद वाचला नव्हता.

साहेब आकडेमोड करत ती आर नावाच्या संगणकाच्या भाषेत. बाईंनी ती भाषा शिकवणी लावून शिकली नव्हती. मशीनवरच मदतीची पानं होती. मांडीवर शब्दकोश घेऊन, दोन घास खात, एकेक पान करत त्यांनी ती वाचली होती. लोक हसत, या वयात काय परीक्षा द्यायचीय का बाई? त्या भाषेत एक आज्ञा आहे. आकड्यांच्या रांगेचं नाव दिलं की ती रांग आतून काय आहे ते भाषा सांगते. बाईंनी विचारलं. भाषेनं एका ओळीत सांगितलं: हे आकडे नाहीत. ही एकोणचाळीस शब्दांची यादी आहे. एक्केचाळीस पंपांचे एकोणचाळीसच, कारण दोन आकडे दोन-दोन पंपांना सारखेच आले होते.

आता केबिनमध्ये साहेब म्हणत होते, “हे बघा, सॉफ्टवेअरचा विषय तुमच्या आवाक्यातला नाही.”

“माझ्या आवाक्यातलं सांगते मग. तुमच्या मशीनच्या आत आकड्यांची रांग कशी ठेवतात? आधी एक चिठ्ठी, की आत माल कुठल्या प्रकारचा आणि किती. तिला लागून कप्पे, सगळे एका मापाचे, मध्ये फट नाही. आणि एका रांगेत एकच प्रकार. चाळीस आकडे आणि एक शब्द, असा काला चालत नाही. एक शब्द घुसला की अख्खी रांग शब्दांची. मग एकशे अडुसष्ट पूर्णांक दोन हा आकडा राहत नाही साहेब, ती नुसती अक्षरं होतात. दुकानाच्या पाटीवर असतात तशी.”

“बाई…”

“संपलं नाही. आपल्याकडची आवृत्ती जुनी. ती त्या शब्दांची वेगळी यादी करते, शब्दकोशात लावतात तशी लावते. एकानं सुरू होणारे आधी, नवानं सुरू होणारे मागे, किंमत कितीही असो, आणि ‘पंप बंद’ सगळ्यांत शेवटी. आणि कप्प्यात ठेवते फक्त यादीतला नंबर. स्टेशनवर सामान ठेवलं की टोकन देतात ना, तसं. तुमची सरासरी निघेना, तेव्हा तुम्ही एक ओळ घातलीत: याचे आकडे कर. मशीननं केले! त्याच्या हातात टोकनंच होती, तीच दिली. टोकनावर सहा लिहिलंय म्हणून पिशवीचं वजन सहा किलो होतं का हो?”

साहेबांनी पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं. ते ऐकत नव्हते असं नाही. त्यांना कळलं होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू न देण्याची त्यांची धडपड चालली होती.

“टोकनं एकोणचाळीस,” बाई म्हणाल्या. “मर्यादा पंचेचाळीस. विहिरीत नुसतं विष ओतलं असतं तरी तुमचा पंप लाल झाला नसता. तशी सोयच नव्हती.”

“पण शब्द टाकला तुम्हीच ना?” साहेब पटकन म्हणाले. बुडत्याला फळी सापडावी तसा त्यांचा आवाज होता.

“टाकला. तुमच्या हुकमानं टाकला.”

“फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो.”

“मग समोरासमोरच्या बोलण्याला तरी असतो ना?” बाईंनी दाराकडे बघून हाक मारली, “या हो आत.”

नमुनेवाला आत आला. हातात हेल्मेट, नजर जमिनीवर. निवृत्तीला पाच महिने राहिलेला माणूस.

“सांगा ना,” बाई म्हणाल्या.

“साहेब, मी बोललो होतो तुम्हाला. अहवाल आला त्याच दिवशी. सतराच्या पाण्यात तपासणीची पट्टी बुडवली की भडक गुलाबी होते, मी स्वतः बघितलंय. तुम्ही म्हणालात, पट्टीपेक्षा मशीनला जास्त कळतं.” त्यानं हेल्मेट दुसऱ्या हातात घेतलं. “बोर्ड मीच लावला साहेब. हिरवा. याच हातांनी.”

साहेब उठले आणि दार लावून घेतलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला होता. असा मऊ आवाज ऐकला की सावध व्हावं, हे बाईंना नोकरीनं शिकवलं होतं.

“बाई, तुम्हाला पंप बंद करायचाय की मला खाली खेचायचंय? ते ठरवा. अहवालाच्या पद्धतीत चूक म्हटलं की समिती बसते. समिती म्हणजे तीन आठवडे, चारही लागतील. तोवर मंजूर अहवाल कायम, पंप चालू. टायपिंगची चूक म्हटलं तर शुद्धिपत्रक निघतं. आज. आत्ता. एक सही. पंपाला तासाभरात कुलूप.”

“अहो, पाणी आहे ते!” नमुनेवाला ओरडला. “लोक पितायत!”

“नियम मी केलेले नाहीत.”

बाईंनी नोटीस पुन्हा वाचली. ‘हलगर्जीपणा.’ इतक्या वर्षांच्या नोकरीत एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. या कागदावर सही केली की सेवापुस्तकात तांबडी शाई, पेन्शन अडकेल, आणि उद्यापासून सहाही खुर्च्या म्हणतील, खटखटबाईंनी पोरांना विष पाजलं. सही नाही केली तर आज संध्याकाळी त्या दोघी जणी बादल्या घेऊन सतरावर जाणार होत्या.

“सहीला ना नाही,” बाई म्हणाल्या.

“बाई, करू नका,” नमुनेवाला म्हणाला.

“तुम्ही थांबा. साहेब, आधी तुमची सही. कुलूप लावायचा आदेश माझ्यासमोर लिहा, यांच्या हातात द्या. त्यांची मोटरसायकल फाटकाबाहेर पडली की मग माझी.”

साहेबांनी लेटरहेड काढलं. ते लिहीत होते तेवढ्या वेळात बाई बसल्या नाहीत. भिंतीलगतच्या कपाटात जुने अहवाल ओळीनं लावलेले होते, वर्षवार, छान बांधलेले, पाठीवर सोनेरी अक्षरं. त्यांनी मागच्या वर्षाचा काढला. तक्त्याचं पान उघडलं. मग त्याच्या आधीच्या वर्षाचा. मग त्याच्याही आधीचा.

नमुनेवाला आदेश घेऊन गेला. खाली मोटरसायकल दोनदा फुरफुरली, तिसऱ्यांदा चालू झाली आणि फाटकाकडे गेली. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या, ती वळणाआड जाईपर्यंत. मग टेबलाशी आल्या, पेन घेतलं आणि रेघेवर पूर्ण नाव लिहिलं, प्रत्येक अक्षर वाचता येईल असं.

“शहाण्या आहात,” साहेब म्हणाले आणि कागदाकडे हात नेला.

बाईंनी तळहात कागदावर ठेवला. दुसऱ्या हातानं ते तीनही अहवाल टेबलावर उघडे टाकले, एकावर एक.

“हे गेल्या वर्षीचं. आकडे एक ते सदतीस, दशांश नाही. हे त्याआधीचं. एक ते चाळीस. हे त्याच्या आधीचं. दरवर्षी कुठला ना कुठला पंप मोडलेला असतोच, साहेब. तीन वर्षांत एकही लाल नाही.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “मी या खात्यात बदलून येऊन सात महिने झाले. या वर्षाची सही मी दिली. या तीन वर्षांत कितव्या नंबरच्या पंपावर हिरवा बोर्ड होता, आणि तिथलं पाणी कुणाच्या बाटलीत गेलं? कुणाच्या घरातलं बाळ निळं पडलं? हे आकडे कुणी टाइप केले होते?”

साहेबांनी फोनकडे हात नेला.

“फोन नंतर,” बाई म्हणाल्या. “आधी उत्तर द्या.”