चौकातला कंगवा

"चौकात एक पोरगी खुर्ची टाकून बसलीये, आणि येईल तो तिचे केस विंचरतोय," मास्तर गालावरच्या फेसातून बोलले. "काय एकेक थेरं!"

नानांचा वस्तरा हवेतच थांबला. ती पोरगी त्यांचीच होती. सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवताना ती म्हणाली होती, बाबा, आज बघायला या ना. नानांनी पेपरातून तोंडसुद्धा वर काढलं नव्हतं. हिला शिकवायचं म्हणून जन्मभर लोकांची डोकी भादरली, आणि ही भररस्त्यात स्वतःचं डोकं कुणाच्याही हाती देणार. म्हणे कला! कसली डोंबलाची कला?

मास्तरांची दाढी उरकली, केस कापायचे राहिले. आलोच म्हणून नाना तडक निघाले. हाताला धरायचं आणि घरी आणायचं, बास. मास्तरही गंमत बघायला मागोमाग आलेच.

ती डोळे मिटून बसली होती. शेजारी पाटी: माझे केस विंचरा. मी बघणार नाही, बोलणार नाही. खुर्चीमागे ही रांग. एका आजींनी मायेनं कंगवा फिरवला. मग एका टग्यानं मित्रांकडे बघत केस असे ओढले, की तिची मान मागे गेली. लोक हसले. नानांचे पाय काही पुढे पडेनात.

"तोंड का उतरलं हो तुमचं?" मास्तरांनी अगदी खुर्चीजवळच विचारलं. "ओळखीची आहे का?"

"छे. आपल्या ओळखीची कुठली," नाना म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले.

रांगेच्या रेट्यानं ते पुढे ढकलले गेले आणि कुणीतरी कंगवा त्यांच्या हातात कोंबला. मग हातांना सांगावं लागलं नाही. मुळाशी ओढ बसू नये म्हणून त्यांनी गुंत्याच्या वर केस मुठीत धरले आणि टोकापासून हळूहळू सोडवत आणले. ती शाळेत होती तेव्हा रोज असंच चालायचं. सवयीनं त्यांनी दोन बोटांनी तिची हनुवटी सरळ केली.

तिचे ओठ हलले. डोळे न उघडता ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही जा. मी ओळख दाखवणार नाही."

नाना वळले आणि चालू लागले. मागून कुणीतरी हाका मारत होतं, पण ते थांबले नाहीत.

दुकानात मास्तर पुन्हा खुर्चीत बसले. नानांनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि वरच्या खिशातून कंगवा काढला. काम झालं की कंगवा खिशात, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. पण हा कंगवा लाकडी होता, आणि दातांत लांब केस अडकले होते. म्हणजे ती तिकडे कंगव्यावाचून बसली असणार. बघणार नाही, बोलणार नाही.

"हे कुणाचे केस, नाना?"

"माझ्या मुलीचे."

"अहो, पण मघाशी तर तुम्ही..." मास्तर आरशातून नानांकडे बघत म्हणाले.

नानांनी समोरच्या आरशातून नजर काढली, तर मागच्या भिंतीवरही आरसाच होता. दुकानात तोंड लपवायला जागा नव्हती. त्यांनी मान खाली घातली आणि कंगव्यातला एकेक केस न तोडता सोडवायला घेतला.